पऱ्हाटीखालची घागर

आमच्या वऱ्हाडात अखजीला गेलेल्या माणसांना पाणी देतात. पुण्याकडचे लोक तिला अक्षय्य तृतीया म्हणतात, म्हणोत बापडे. वैशाखाचं ऊन डोक्यावर तापत असताना मेलेल्यालाही तहान लागत असेल, एवढा साधा त्यातला विचार. कुंभाराकडून कोरी मातीची भांडी आणायची, पाण्यानं भरायची, वर डांगर ठेवायचं, म्हणजे खरबूज, आणि पुढ्यात पुरणपोळी अन् आंब्याचा रस वाढायचा. ज्या घरात मी वाढले तिथली रीत अशी, की पुरुषाला मोठी घागर आणि बाईला लहान. गेलेली माणसं जितकी, घागरी तितक्या. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ त्या मोजदादीतून झाला.

ते घर माझं नव्हतं. मानमोडीचा ताप आला त्या साली माझी माय गेली. मी तेव्हा चार-पाच वर्षांची असेन. नक्की कोण सांगणार, सांगणारी माणसंच उरली नव्हती. माझा बाप जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका माळ्याच्या मळ्यात मोट हाकायचा. माय गेल्यावर त्यानं मला उचललं आणि त्या मळेवाल्याच्या दारात नेऊन उभं केलं. त्या मळेवाल्यांना मी काका म्हणायला लागले आणि त्यांच्या बायकोला मावशी. रक्ताचं नातं काडीचं नव्हतं. बाप म्हणाला, "हिले राहू द्या जरा. मी रेलवाईच्या कामावर जातो. अखजीले येतो अन् घेऊन जातो."

मावशीनं मला पोटाशी धरलं नाही की डोळ्याला पदर लावला नाही. ती एवढंच म्हणाली, "पाय धुवून ये व पोरी, भाकर थंडी होऊन राह्यली." मी पाय धुतले आणि भाकर खाल्ली. बाप कधी गेला ते मला कळलंही नाही, आणि याचा राग मी कितीतरी वर्षं त्या भाकरीवर काढला.

परक्याच्या घरात वाढणाऱ्या पोराला काय काय शिकावं लागतं, ते आपल्या घरात वाढलेल्यांना सांगून कळायचं नाही. मी कधी दुसऱ्यांदा वाढून मागितलं नाही. मावशी विचारायची, "घे अजून," की मी "पोट भरलं" म्हणायची, पोटात कावळे ओरडत असले तरी. काकांची मुलगी माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. तिला मी ताई म्हणायची. ती रुसायची, जेवायची नाही, ताट सरकवून द्यायची. मला तिचा हेवा वाटायचा तो तिच्या बांगड्यांचा नाही, त्या रुसण्याचा. आपल्याला रुसून चालायचं नाही, हे मला कोणी न सांगता ठाऊक होतं. माझं परकर-पोलकं मी एका फडक्यात बांधून कोपऱ्यात ठेवलं होतं, बाप आला की उशीर नको म्हणून. मावशी घर सारवताना ते गाठोडं उचलायची, जमीन सारवायची आणि वाळली की गाठोडं पुन्हा तिथंच ठेवायची.

आणि बायका! विहिरीवर धुणं धुताना एखादी विचारायचीच, "ही कोनाची व?" मग दुसरी सांगायची, तिसरी चुकचुकायची, आणि चौथी शहाणी म्हणायची, "माय मरो अन् मावशी जगो म्हंतात ते काई खोटं नाई." या म्हणीचा मला असा संताप यायचा! माझी माय काऊन मरो? म्हण करणाराची मरो की. एकदा मी हे तोंडावर बोलून दाखवलं तर ती बाई म्हणाली, "पाह्य, उपऱ्याची पोरगी अन् तोंड पाह्य." मावशी धुणं पिळत होती. पिळता पिळताच म्हणाली, "तोंड मायासारकं हाय तिचं. माया घरचं खाते ना." मग तो विषय संपला.

पण अखजी आली की मी त्या घरची उरायची नाही. गावातल्या सगळ्या सासुरवाशिणी त्या सणाला माहेरी यायच्या. लिंबांना झोके बांधलेले असायचे, छकड्यांवर छकडे यायचे, कोणाचा बाप लेकीला घेऊन येतोय, कोणाचा भाऊ. मी पांदणीच्या, शेताच्या गाडीवाटेच्या, तोंडाशी बाभळीखाली जाऊन बसायची. माझाही बाप अखजीलाच येणार होता. एक अखजी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. प्रत्येक वेळी मावशी ऊन उतरल्यावर तिथं यायची आणि म्हणायची, "चाल, रस पातळ होऊन राह्यला." बाप येईल म्हणायची नाही आणि येणार नाहीही म्हणायची नाही.

त्या घरात चार घागरी भरल्या जायच्या. काकांचे वडील आणि मधला भाऊ, या दोन मोठ्या. काकांची आई, ही एक लहान. आणि चौथी, लहान, माझ्या मायची. ती पहिल्याच वर्षी मावशीनं आणून मांडली होती. कोणाला विचारलं नव्हतं. माय पाणी पिऊन जाते असं मला खरंच वाटायचं. दुसऱ्या दिवशी घागरीतलं पाणी बोटभर उतरलेलं असायचं, आणि माझी खात्री पटायची.

मी दहा वर्षांची असताना ताईचं लग्न होऊन तिची पहिली अखजी आली. घरात नुसती धांदल. एरवी कुंभाराकडे आम्ही दोघी जायचो, पण नवी सासुरवाशीण, तिला कोण कामाला लावतो? ती झोक्यावर. मावशी पुरणाच्या डाळीत, कुरडयांत, दहा ठिकाणी. तिनं घाईघाईत मला हाक मारली, "जाय व, कुंभाराच्या घरून घागरी घेऊन ये." मी टोपलं उचललं आणि निघाले. काका-मावशीनं तीन महिने पोटात ठेवलेली गोष्ट मावशी त्या घाईत अशी विसरून गेली.

कुंभारणीनं तीन मोठ्या आणि दोन लहान घागरी काढून ठेवल्या होत्या.

मी म्हटलं, "दोन मोठ्या, दोन लहान."

"नाई व माय. तुया काकानं सोता सांगतलं. यंदा एक मोठी जास्त." मग तिनं मला वरखाली पाहिलं. "कोन गेलं व तुमच्या घरातलं?"

"कोनीच नाई."

"असं कसं? घागर उगीच कोनी सांगते काय?"

मी घरातली माणसं मोजली. काका सकाळीच मोटेवर पाहिले होते. काकांचे थोरले भाऊ गावात ठणठणीत होते. जावई कालच ताईला सोडून गेला होता. मोठी घागर म्हणजे पुरुष. त्या घरात बाहेरच्या माणसाची घागर एकच होती, माझ्या मायची. तिच्या शेजारी आणखी कोणाची येणार? दहा वर्षांच्या पोरीला एवढा हिशेब येतो. चार घागरी टोपल्यात बसल्या. पाचवी बसेना, ती मी कडेवर घेतली आणि चालू लागले.

रडले नाही. मला राग आला होता, डोकं भणाणून टाकणारा. माझ्या बापाला न विचारता, मला न विचारता, यांनी त्याला मेलेल्यांत बसवून टाकलं! घागर भरली तर तो मेला. नाही भरली तर नाही मेला. माझ्यापुरता कायदा तयार झाला. घागर फोडायला मी हात वर केलासुद्धा, पण फोडवेना. मायच्या शेजारची घागर ती, कशी फोडणार? मळ्यातल्या घरामागं पऱ्हाटीचा ढीग होता. कापूस वेचून झाला की वाळकी झाडं उपटून रचून ठेवायची आणि वर्षभर चुलीला घालायची, तो ढीग. त्याच्या भिंतीकडच्या अंगाला मी खाली वाकले, हाताला लागेल तिथवर काटक्या सारल्या आणि घागर आत ढकलून दिली. मग चार घागरी घेऊन पुढच्या दारानं घरात गेले.

मावशीनं टोपल्यात पाहिलं आणि तिच्या हातातलं लाटणं तिथंच थांबलं. तिला आठवलं असणार.

"चारच?"

"चारच देल्ल्या तिनं," मी म्हटलं. माझ्या दोन्ही हातांवर पऱ्हाटीचे ओरखडे होते, ते मी मागं धरले. मावशीनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, हातांकडं पाहिलं, आणि बाहेर जाऊन काकांना हाक मारली.

काका चिखलाच्या पायांनीच आले. ओसरीवर मला समोर बसवलं. म्हणाले, "पोरी, तुले सांगाचं राह्यलं. माघात दोन मानसं भेटले मले बजारात, तुया बापासंगं खडीच्या कामावर व्हते. पटकी आली म्हने तठी. दोन दिवसांत गेला. त्याईनंच अग्नी देल्ला." पायावरचा चिखल बोटानं खरवडत ते म्हणाले, "अखजी झाल्यावर सांगू म्हनलं. सनाले काऊन रडवा लेकराले."

"खोटं हाय," मी म्हटलं. "तो अखजीले येतो म्हने. तुमी त्याची घागर भरान त मी या घरचं पानी पेनार नाई."

असं बोलून मी कोपऱ्यातलं गाठोडं उचललं आणि छातीशी धरून उभी राहिले. मला वाटलं, आता हाकलून देतील. आपण ज्यांचं खातो त्यांच्या तोंडावर असं बोललं की हाकलून देतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. काकांनी मावशीकडं पाहिलं. मग म्हणाले, "बरं. तू म्हनशील तवा भरू. तवरोक त्याले मेला नाई म्हननार मी." आणि उठून मोटेवर गेले.

दुसऱ्या दिवशी मावशीनं गव्हाच्या पाच राशी मांडल्या. चारांवर घागरी ठेवल्या. पाचवी रास रिकामी, पण तिच्या पुढ्यात पोळी आणि रस वाढलेला. काकांचे थोरले भाऊ आले आणि पाहतच राहिले. "हे काऊन रिकामं?"

"त्याची घागर यायची हाय अजून," मावशी म्हणाली.

"कवा येनार?"

"येईन तवा."

"परक्याची माती आपल्या पितराईत नाई मांडत," ते म्हणाले.

मावशी म्हणाली, "हिच्या मायची मांडतोच ना इतक्या वर्सांपासून. काय झालं तुमच्या पितराईले? जास्तच खाऊन राह्यले."

काकांना हसू आलं, ते त्यांनी उपरण्यात लपवलं. मला हसू आलं नाही. मी दाराआड गाठोडं धरून बसले होते आणि त्या रिकाम्या राशीकडं पाहत होते.

अशा चार अखज्या गेल्या. दर वर्षी पाच राशी, चार घागरी. रिकाम्या राशीपुढची पोळी संध्याकाळी गायीला जायची. मी बाभळीखाली जाऊन बसायची, आधी मनापासून, मग सवयीनं, मग नुसती हट्टानं. मावशी ऊन उतरल्यावर न्यायला यायची.

आणि घागर? ती मी डोळ्यात तेल घालून जपली. सरपण आणायला गेले की ढिगाच्या विहिरीकडच्या अंगानंच ओढायची, भिंतीकडच्या अंगाला हात लावायची नाही. फाल्गुनात नवी पऱ्हाटी उपटून आली की माझा जीव खालीवर व्हायचा, जुना ढीग हलवतील की काय. पण काका नवी पऱ्हाटी जुन्यावरच रचायचे. मला वाटायचं, काय नशीब आहे आपलं! आणि स्वतःच्या हुशारीचंही कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू.

चौदा वर्षांची झाले तसं माझं लग्न काढलं. तेव्हाची रीत ती. चैत्रात जामोदकडचे पाहुणे मळ्यावर आले. मी पाणी दिलं, शेवया दिल्या आणि दाराआड उभी राहिले. पोरगी पसंत पडली असावी, कारण मुलाचे मामा मोकळं बोलायला लागले.

"पोरीचा बाप?"

काकांनी मान खाली घातली. "हाय."

"कुठी?"

"रेलवाईच्या कामावर."

 हे काका! बाजारात गिऱ्हाईक वांगी उचलायला लागलं तर आपण होऊन सांगणारे, की हे कालचे हाय, पाहून घ्या. मावशी त्यांना त्यावरून रोज बोलायची. त्या माणसानं पाहुण्यांसमोर मान खाली घालून खोटं सांगितलं.

"मंग बलवा त्याले," मामा म्हणाले. "बाप जिता असतानी दुसऱ्यानं पोरगी कशी द्याची? उद्या तो येऊन दारात उभा राह्यला त आमी काय सांगाव? त्याचा होकार येऊ द्या, मंग पाहू." आणि उठले. चांगली माणसं होती. त्यांचं चुकलं काय त्यात?

पाहुण्यांचा छकडा पांदणीला लागला तरी काका तसेच बसून होते. एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं. "मेला" हा एवढासा शब्द. पण चार वर्षांपूर्वी एका दहा वर्षांच्या पोरीला ते काही बोलून गेले होते, आणि ते धरून बसले होते. मावशीनं उरलेल्या शेवया झाकून ठेवल्या. मला कोणी काही म्हटलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मला माझीच लाज वाटली, अशी की आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

ते लग्न पुढं झालं. मी त्याच घरात नांदले आणि कन्यादान काका-मावशीनंच केलं. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं.

पंधरा दिवसांनी अखजी आली. आदल्या दिवशी मावशी म्हणाली, "जाशील का व, कुंभाराकडं?"

"किती आनू?"

"नेहमीच्याच."

मी चार आणल्या, ओसरीवर ठेवल्या आणि घरामागं गेले. ढिगाच्या भिंतीकडच्या अंगाला बसले आणि काटक्या उपसायला लागले. मनात म्हटलं, चार पावसाळे गेले, मातीचीच घागर ती, खापऱ्याच हाती येणार. मी ती जशी होती तशी उघडीच आत ढकलली होती.

हाताला गोणपाट लागलं. ओढून पाहिलं तर घागर गोणपाटात गुंडाळलेली, वर सुतळीनं बांधलेली. तिच्याखाली दोन विटा, खालून पाणी लागू नये म्हणून. सुतळीची गाठ मावशीची. लोणच्याच्या बरणीवर फडकं बांधते तीच गाठ, मी डोळे मिटून ओळखली असती.

मी तिथंच मातीत बसले. माय व! मी लपवली होती म्हणे! पावसाळ्यात सरपण संपलं की मावशी ओल्या गोवऱ्या फुंकत बसायची, डोळे लाल करून घ्यायची, शेजारणीकडून भारा उसना आणायची. आणि घरामागं भिंतीकडच्या अंगाला हा एवढा वाळका ढीग उभा. त्या बाजूनं चार वर्षांत घरातल्या कोणीच एक काडी ओढली नव्हती. मी एकटीच जपत नव्हते.

मग मी बापासाठी रडले. चार वर्षांचं साचलेलं, सगळं तिथं बसून रडले. तो येणार नव्हता. पटकीनं गेला बिचारा, त्या खडीत, पाणी पाणी करत गेला असेल. आणि मी त्याची घागर कोरडी ठेवून बसले होते.

घागर कडेवर घेऊन मी पुढच्या दारानं आत आले. मावशी डाळ निवडत होती. तिनं मान वर केली.

"आनली?"

"हाव."

तिनं सूप बाजूला ठेवलं, कळशी उचलली आणि माझ्याजवळ आली. "लगेच नको मांडू. आधी आतून भिजव. लय दिवस कोरडी राह्यली, पानी पेईन ती."

मी ओसरीच्या कडेला घागर ठेवली आणि पाणी ओतलं. ते चर्रकन आत गेलं, पाहता पाहता खाली उतरलं. पुन्हा ओतलं, पुन्हा उतरलं. मी ओतत राहिले आणि मावशी विहिरीवरून कळशी भरून आणत राहिली.